शेवटची दहा मिनिटं

घोटी,
९ मार्च २००२

प्रिय फकिरा,

तुझ्या उपोषणाचा आज बारावा दिवस, असं सवितावहिनी सांगत होत्या. मी एकदाही सातपूरला फिरकलो नाही, म्हणून तू मला शिव्या घातल्या असशील. घाल. त्या मला लागू आहेत, फक्त कारण तुला वाटतं ते नाही.

आपला व्हिडिओ हॉल आठवतो? चौऱ्याण्णव साल, भातगिरणीमागचं पत्र्याचं शेड. इंग्रजी पिक्चर लावायचा आणि मी टीव्हीशेजारी माइक घेऊन गोष्ट मराठीत सांगायची. इंग्रजी मला तरी कुठं येत होतं! ठोकून द्यायचो. यंत्रमानवांच्या त्या पिक्चरला तर मी कहरच केला. लोखंडाची माणसं, ना हसत ना रडत. त्यांच्यासाठी लोक का बसतील? म्हणून म्होरक्याचं नाव मंगळू ठेवलं आणि त्याला एक म्हातारी आई देऊन टाकली. यंत्राला कसली आई? पण आईशिवाय घोटीत पिक्चर चालत नाही. बाया डोळे पुसायच्या. तू चार वेळा आलास. मंगळू काम बंद पाडून सगळ्या यंत्रांना कारखान्याच्या फाटकासमोर उभं करतो, तिथं तू दर वेळी शिट्टी मारायचास.

आता तुझ्या सातपूरच्या कंपनीनं साठ जणांना कामावरून काढलं आणि तुम्ही फाटकासमोर बसलात. बाकीचे एकेक करून उठले. दत्तू तर दिंडोरीला द्राक्षांच्या फवारणीवर लागला. तू एकटा उरलास. डॉक्टरांनी हात टेकलेत, बोलताना तुझी जीभ अडखळते, तरी तू वहिनींना म्हणालास म्हणे, "रावजीच्या पिक्चरात शेवटी फाटक उघडलंच ना? मंगळू हटला नाय म्हणून उघडलं." हे ऐकलं आणि मी कागद घेऊन बसलो.

फकिरा, फाटक उघडत नाही. पहिल्या खेळाला मी सगळा पिक्चर दाखवला होता. तेव्हा तू नव्हतास. मालक काहीच करत नाही रे. ना पोलीस, ना गोळीबार. नुसतं फाटक बंद ठेवतो. एकेका यंत्राची बॅटरी उतरते आणि ती उभ्याउभ्या थंड होतात. मंगळू सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी गिरणीचे हमाल माना खाली घालून बसून राहिले, कुणी उठेना. हॉलचा शेठ म्हणाला, "उद्या कुत्रं नाय यायचं हितं." दुसऱ्या खेळापासून मी शेवटच्या दहा मिनिटांआधीच टेप बंद करायचो आणि माइकवर सांगायचो, फाटक उघडलं.

दाखवायला ती कॅसेटही नाही. तिच्यावर आमच्या मीनाचं लग्न भरून घेतलं. मला ठाऊक आहे, तू म्हणणार, रावज्यानं मला उठवायला शेवट बदलला. इतक्या वर्षांनी खरं सांगतोय आणि तेच तुला खोटं वाटणार. तरी लिहितोय, कारण वहिनींना पावणेपाचची एसटी धरायची आहे, त्या दारात उभ्या आहेत, आणि तुझ्या तोंडावर हे सांगायची माझी छाती नाही. वाचून झालं की त्यांच्या हातून घोटभर सरबत घे. तू घेणार नाहीस, हे मला कळतंय. त्यांनाही कळतंय. तरी त्या लिंबं घेऊन निघाल्यात.

तुझाच खोटारडा,
रावजी