‘अँग्री’ म्हणायचं नाही

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आमचे कॉल ऐकून गुण देणाऱ्या केव्हिनने पुन्हा माझे गुण कापले. का, तर मी गिऱ्हाइकाला ‘अँग्री’ म्हटलं. आता माणूस फोनवर बोंबलतोय, इंटरनेट बंद पडलं म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय — मग त्याला म्हणायचं काय? ‘फ्रस्ट्रेटेड’ म्हणायचं! केव्हिन खुर्ची ओढून शेजारी बसला. ‘हे बघ नोएमी, अँग्री म्हटलं की हा अमेरिकन ग्रिंगो आणखी भडकतो. फ्रस्ट्रेटेड म्हटलं की त्याला वाटतं, मी शहाणा, चूक दुनियेची.’

हे ज्ञान त्याचं नाहीच. ओस्मीनचं आहे. ह्यूस्टनला जाण्याआधी माझा नवराच इथे, याच कॉल सेंटरमध्ये, नव्या पोरांना शिकवायचा. केव्हिनला त्यानेच शिकवलं, मलाही त्यानेच. आधी समोरच्याच्या भावनेला नाव द्या. मग माफी मागा. तारीख कधीही देऊ नका. आणि काही झालं तरी फोन आपण आधी तोडायचा नाही.

नवऱ्याच्या शब्दांनी दुसरा माणूस मला झापतो. डोकं फिरतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या टेबलावरच्या ग्लेंडाने माझी खुर्ची पळवली. कामाच्या मजल्यावर स्पॅनिश बोलायला बंदी, म्हणून भांडलोसुद्धा इंग्रजीत. ‘आय अ‍ॅम अ लिटल अनॉइड,’ मी म्हणाले. लिटल! तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटत होतं.

या लोकांनी वैतागाचीसुद्धा उतरंड लावून ठेवली आहे. बिलात किरकोळ चूक, तर ‘अनॉइड’. तंत्रज्ञ आलाच नाही, तर ‘अपसेट’. वाटेल तिथे चालतो तो ‘फ्रस्ट्रेटेड’, मिठासारखा. आणि गिऱ्हाईक ‘फेड अप’ म्हणालं की धोका. त्याला वीट आलाय, तो कंपनी सोडणार. मग त्याचा फोन लगेच वरच्या मजल्यावर, सोडून जाणाऱ्यांना थोपवणाऱ्या लोकांकडे.

माझा फोन कुठल्या मजल्यावर पाठवायचा?

१७ नोव्हेंबर, रविवार

ओस्मीनचा फोन. दर रविवारसारखा. सासूबाईंनी — सगळे त्यांना निन्या चायो म्हणतात — त्याच्यासाठी मागची खोली रंगवायला काढली आहे. डिसेंबरात येतो म्हणालाय ना! फोनचा स्पीकर लावून त्या विचारत होत्या, ‘रंग कुठला देऊ रे बाळा? पिवळा की निळा?’

‘आई, तुझी घालमेल मला समजते गं. तुझ्या जागी मी असतो तर मलाही असंच झालं असतं. सॉरी. बघतो आणि कळवतो.’

रंग विचारला होता. रंग! त्याचंही ‘कळवतो’.

सासूबाईंनी पिवळा आणला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

या आठवड्यापासून मला घरूनच काम दिलंय. सासूबाई तिथेच पुपुसांच्या भरल्या भाकऱ्यांसाठी मक्याचं पीठ मळत होत्या. त्यांना इंग्रजीतलं ‘ओके’ सोडून काही येत नाही, पण कान तिखट.

‘पोरी, सगळ्यांना तेच तेच काय गं सांगतेस?’

‘त्यांचा वैताग मला कळतो, असं सांगते.’

‘मग त्यांचं यंत्र चालू होतं?’

‘नाही.’

‘मग काय होतं?’

‘गप्प होतात.’

त्या खूप हसल्या. मग हसता हसता थांबल्या. पिठाचा गोळा हातातच राहिला. म्हणाल्या, ‘ओस्मीन रविवारी याच सुरात बोलतो.’

मी संतापले. स्वतःच्या पोराबद्दल असं बोलवतं कसं, म्हणून ओरडले. त्याही ओरडल्या. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘निन्या चायो, तुमचा वैताग मला समजतो.’

त्यांनी गोळा परातीत आपटला. ‘हे गिऱ्हाइकाशी बोलायचं माझ्याशी बोलू नकोस.’

रात्री दोघीही जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर तेच डोक्यात. त्याचे सगळे रविवार आठवून पाहिले. आधी आमच्या भावनेला नाव. मग माफी. तारीख — एकदाही नाही. ‘डिसेंबरात’ हा शब्दसुद्धा त्याने उच्चारलेला नाही! सासूबाई म्हणाल्या, ‘डिसेंबरात ये’, तो म्हणाला, ‘किती छान होईल.’ येण्याची गोष्ट आम्हीच रंगवली, भिंतीसकट.

मी रोज हेच करून पोट भरते आणि मलाच ओळखू आलं नाही! त्याचा राग येतो, त्याहून जास्त माझा.

२४ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. सरळ, स्पॅनिशमध्ये. ‘येतोयस की नाही? हो किंवा नाही म्हण.’

सासूबाई ब्रश घेऊन दारात उभ्या होत्या. स्पीकर चालू. तो इंग्रजीत शिरला. आईला कळू नये म्हणून. ‘आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन, नोएमी.’

सुरात तसूभरही फरक नाही. उत्तम काम करतो माणूस.

‘आय अ‍ॅम फेड अप,’ मी म्हणाले.

याचा अर्थ त्याला नेमका ठाऊक. तेवढ्यात त्याच्या मागून बाईचा आवाज आला, आपल्याच भाषेत, घरच्या बाईचा. ‘ओस्मीन, बीन्स गार झाले हं.’

फोन कोणी ठेवेना. दोघेही एकाच तालमीतले ना! आधी तोडायचा नाही. त्या बाईच्या घरातली भांडी वाजलेली ऐकत मी तशीच उभी. शेवटी लाइन आपली आपण तुटली.

सासूबाई खोलीत गेल्या आणि उरलेली भिंत रंगवत बसल्या.

२५ नोव्हेंबर, सोमवार

केव्हिनने आज पैकीच्या पैकी गुण दिले. म्हणे, आवाजात काय माया होती!

१ डिसेंबर, रविवार

फोन वाजला. मी उचलला नाही. सासूबाईंनी हात पुसले, उचलला. स्पीकर लावला नाही. तो पुष्कळ वेळ बोलत होता. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, ‘मूल केवढं आहे?’ आणि पुन्हा ऐकत राहिल्या.

मग म्हणाल्या, ‘आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन.’ शब्द न् शब्द, थेट माझ्या सुरात. आणि फोन तोडला.

‘आपण आधी तोडायचा नसतो,’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘मी कुठे तिथे नोकरीला आहे?’ त्या म्हणाल्या. ‘चल, तुझ्या कामाच्या टेबलाची ती बाजू धर. उद्यापासून पिवळ्या खोलीत बसत जा. तिथे उजेड चांगला येतो.’