जिथं थांबलो, तिथून पुढं

वैशूचे बाबा,

कसे आहात वगैरे काही विचारत नाही. मी रागात आहे आणि हा राग समजणारं घरात आता कोणी नाही. म्हणून लिहून राहिली. काळ्या स्केचपेननं, मोठ्या अक्षरात. एका पानावर सहा ओळी मावतात. ओळी वाकड्या गेल्या तर गेल्या, तुमाले कुठं चष्मा लावून वाचायचं आहे आता?

झालं असं, की तुमच्या नावानं मेल आला. तुम्ही जाऊन आठ महिने झाले, तरी तुमच्या नावानं येतच राहते काही ना काही. वैशू रविवारी दुर्गवरून येते, सगळं वाचून दाखवते आणि पुसून टाकते. हा मेल मात्र त्या ब्राउझरवाल्यांचा होता, ज्याच्यात आपण इंटरनेट पाहतो त्या खिडकीवाल्यांचा. म्हणे, नवीन अपडेट येऊन राहिला आहे, त्याच्या आधी आम्ही जुन्या मागण्या साफ करून राहिलो. तुमची मागणी दोन वर्षांपासून पडून आहे. अजून पाहिजे असेल तर चौदा दिवसांत कळवा, नाही तर बंद करू. मधल्या रविवारी वैशू आली नव्हती, त्यातले अकरा दिवस तर मेल उघडायच्या आधीच गेले होते.

बंद करू म्हणे. यांच्या घरची आहे का मागणी?

तुम्ही ती मागणी कावून केली होती हे मले माहीत होतं. निदान मले तसं वाटत होतं.

माझ्या डोळ्याचा पडदा खराब झाला तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, कडा दिसत राहतील, मधलं जाईल. समोर माणूस आला तर त्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही. मले लोकाईच्या नाकाशी काय करायचं होतं? पण अक्षर गेलं, बाबा. भिलाईच्या कॅम्प-एक वस्तीतल्या आपल्या मराठी वाचनालयाची दोन कपाटं मी दोनदा वाचून काढली होती. ती बाई एकदम भाजी निवडण्यापुरती उरली. आठ दिवस मी कोणाशी बोलली नाही.

तुम्ही काय केलं? पावर हाउसच्या बाजारात जाऊन कॉम्प्युटर घेऊन आले. रिटायर झालेला फिटर, जन्मात कधी की-बोर्डले हात नाही लावला, आणि महिनाभर एका बोटानं टकटक करत बसला. मंग एक दिवस मले खुर्चीत बसवलं, एक बटन दाबलं आणि त्या ब्राउझरमधली बाई मराठी वाचू लागली. आवाज दुर्ग स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगणाऱ्या बाईसारखा. पण वाचत होती. मी तुमच्यासमोर रडली नाही, मोरीत जाऊन रडली.

त्या बाईचा एकच दोष. थांबवली की विसरली. कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आलं, लाइट गेली, की परत पहिल्या ओळीपासून सुरू. आपण वाचत होतो ती दोन जावांची कादंबरी अठ्ठेचाळीस भागांची, एकेक भाग पाऊण तासाचा. माझा अर्धा जन्म भागाच्या सुरुवातीतच गेला असता. पण तुम्ही होते. पेपर बाजूले ठेवून विचारायचे, "कुठं थांबली होती?" मी सांगायची, "थोरलीनं दार लावलं तिथं." तुम्ही ती ओळ शोधायचे, त्यावर माउसचा बाण टेकवायचे आणि बाई तिथून पुढं सुरू व्हायची.

कधी दोन ओळी पुढची जागा लागली तर मी तुमच्यावर ओरडायची. "एवढं साधं काम नाही होत का तुमच्यानं?" आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते. कोणत्या तोंडानं ओरडत होती मी? स्वतःले एक अक्षर दिसत नव्हतं.

पण तुमचीही गोष्ट सांगते, सुटू नका एवढ्यात. तुम्ही स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्षं जे केलं तेच या ब्राउझरवाल्यांसोबत केलं. सुझाव दिला: बाईनं थांबलेली जागा लक्षात ठेवावी. मिलमध्ये तेलाच्या डब्याची फळी जिन्याखालून हलवा म्हणून तुम्ही सुझाव दिला होता, साहेब स्वतः येऊन जिन्याखाली वाकून पाहून गेले होते आणि तुमाले स्टीलचा डबा मिळाला होता. तेव्हापासून तुमाले वाटायचं, कागदावर चार खाने नीट भरले की दुनिया सुधारते. सध्याची स्थिती, अडचण, सुझाव, फायदा.

ब्राउझरच्या त्या पानावर जगातले लोक आपापल्या इच्छा टाकून राहिले होते. वैशू मले वाचून दाखवायची. पुढच्या अपडेटमध्ये कोणाले टॅबले रंग पाहिजे, कोणाले रात्री काळी होणारी स्क्रीन पाहिजे, एकाले तर खिडकीच्या कोपऱ्यात मांजर पाहिजे होती. एकेक ओळीत लिहिलेलं सगळं. आणि त्यांच्या मधात तुमचा चार खान्यांचा अर्ज, प्लांटच्या इंग्रजीत, रिस्पेक्टेड सरपासून. खाली पूर्ण नाव, रिटायर होऊन नऊ वर्षं झालेला हजेरीचा टोकन नंबर आणि वरून आणखी लिहिलेलं, "कृपया मौक्यावर येऊन पाहावे. मरोदा, भिलाई. सकाळी अकरा ते बारा. चहाची व्यवस्था आहे."

पाहायले येतील म्हणून तुम्ही चार दिवस अकरा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बिस्किटाचा पुडाही आणला होता. मी काय म्हटलं होतं, आठवते? "येऊन राहिले ना तुमचे साहेब, विमान मरोद्यात उतरवून?" तुम्ही हसले नाही. म्हणाले, "मौक्यावर, जाग्यावर येऊन पाहिल्याशिवाय कोणाले कळत नाही, सुमन." कुठल्यातरी देशातल्या कोण्या पोरानं खाली विचारलं होतं, चहा खरंच मिळेल का? तुम्ही त्याले उत्तर दिलं, हो, दुधाचा.

तुमच्या मागणीले नऊ मतं मिळाली. एक तुमचं, एक वैशूचं आणि सात तुमच्या सकाळी फिरायच्या मंडळींची. चहाच्या टपरीवर एकेकाचा फोन हातात घेऊन तुम्हीच बटन दाबलं होतं हे मले सगळं माहीत आहे.

तर त्या रविवारी मेल ऐकला आणि मी म्हटलं, "वैशू, उघड ती मागणी. पूर्ण वाच."

तिनं वाचली. स्थिती वाचली, अडचण वाचली, सुझाव वाचला. चौथ्या खान्यावर थांबली. मी म्हटलं, "पुढं?" तिनं वाचलं, "फायदा: माझी पत्नी माझ्याशिवाय वाचू शकेल."

कावून जी? कोणी सांगितलं होतं तुमाले हे लिहायले? मी कधी म्हटलं होतं का, की मले तुमच्याशिवाय वाचायचं आहे? रोज माझ्याजवळ बसून ओळ शोधत होते आणि मनातल्या मनात निघायची तयारी करून राहिले होते? साऱ्या जगाले सांगितलं, त्या दुधाच्या चहावाल्या पोराले सांगितलं, फक्त मले नाही सांगितलं. बायको होती मी, तिऱ्हाईत नव्हती. याचं उत्तर मले पाहिजे आणि तुम्ही ते आता देऊ शकत नाही, म्हणून हा राग जाऊन नाही राहिला.

वैशूही रडवेली झाली. म्हणाली, "आई, जाने दे ना. दुसरं अॅप टाकून देते मी. होतील असे बरेच, जागा लक्षात ठेवणारे."

"नाही पाहिजे."

"अगं, फिर क्या करेगी? तुले वाचायचं आहे का भांडायचं आहे?"

"दोन्ही."

मंग तिनं पोरींचा शहाणपणा काढला. बाबांचा पासवर्ड यातच सेव्ह आहे, बाबांच्या नावानं एक हो दाबून देऊ, झालं काम. मी म्हटलं, हात लावायचा नाही. तुझा बाप गेला. आपण त्याले जाळून आलो. आता एका बटनासाठी त्याले जिवंत आहे म्हणून सांगायचं? ज्या माणसानं खोट्या हजेरीवर कधी सही नाही केली, त्याच्या नावानं?

"मंग काय लिहू?"

"जे आहे ते लिही. अर्ज करणारा माणूस वारला. ज्या बाईसाठी केला होता ती आहे, तिचे डोळे अजून तसेच आहेत आणि तुमची वाचणारी बाई अजून तशीच विसरते. मागणी चालू ठेवावी."

माझं खातं उघडलं. माझ्या नावानं, तुमचं नाव मधात न घालता, नुसतं सुमन. सत्तरीत पहिल्यांदा माझ्या नावाचं काही उघडलं या घरात. उत्तर दोन मिनिटांत आलं. माणसानं एवढ्या लवकर वाचलं नसेल हे मलेही कळते. मागणी चालू ठेवायची तर मूळ मागणी करणाऱ्यानंच कळवावं. धन्यवाद.

बुधवारी वैशूचा फोन आला. चौदा दिवस भरले होते. "आई, केली त्यांनी बंद. ग्रे करून टाकली."

मी म्हटलं, "ठीक. आता नवीन टाकू."

 मंग ती म्हणाली, "संध्याकाळी येते." शिकवते ती शाळा सुटल्यावर तशीच स्कूटीवर आली, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. आम्ही दोघी बसल्या. मी बोलत गेली, ती टाइप करत गेली. चार खाने. स्थिती तुमचीच, अडचण तुमचीच, सुझाव शब्द न् शब्द तुमचा: जिथं थांबलो तिथून पुढं वाचावं. मौक्यावर या हेही ठेवलं, वेळ मात्र चार ते पाच केली, सकाळी आता मी वाचणार.

फायद्याचं तुमचं वाक्य मी काढून टाकलं. रागवायचं असेल तर रागवा. तिथं लिहिलं, "मला कादंबरी पूर्ण करायची आहे. माझ्यासारखे पुष्कळ असतील, त्यांच्या घरी ओळ शोधणारं कोणी नसेल." वैशूनं शाळेतल्या बाईंना फोन लावले. बसल्या बसल्या चौदा मतं झाली. तुमची नऊ होती, सांगून ठेवते.

आता खरी गोष्ट. कादंबरी एकतिसाव्या भागात अडकली होती. तुम्ही हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी थोरलीनं कमरेची चावी काढून ओट्यावर ठेवली, तिथं बाईले थांबवून तुम्ही म्हणाले होते, "बाकी उद्या." त्या उद्याले आठ महिने झाले. मी कॉम्प्युटरवर कपडा टाकून ठेवला होता. वैशूले सांगायची, डोकं दुखते.

गुरुवारी सकाळी चहा झाल्यावर मी तो कपडा काढला. चाचपडत बटन शोधलं. भाग पहिल्या ओळीपासून सुरू झाला. दहा मिनिटांत गॅसवाला आला. दार उघडलं, परत पहिल्यापासून. मंग लाइट गेली, आली, परत पहिल्यापासून. धाकट्या जावेचं लुगडं वाळत घालणं मी तीनदा ऐकलं. मनात म्हटलं, वाच बाप्पा, वाच. तू पहिल्यापासून वाचायले थकत नाहीस तर मी ऐकायले कावून थकू?

तिसऱ्या वेळेस थोरलीनं चावी काढली. ओट्यावर ठेवली. माझा हात बटनाकडे गेला होता, खरं सांगते. आवरला. आणि बाईनं पुढची ओळ वाचली. काही मोठी ओळ नव्हती. धाकटी म्हणते, "बसा, चहा टाकते." एवढंच. तुमच्याशिवाय ऐकलेली पहिली ओळ.

त्यानंतर मी इतकी रडली की बाई काय वाचून राहिली काहीच ऐकू आलं नाही. पदरानं तोंड पुसेपर्यंत ती कुठल्या कुठं निघून गेली होती. मागं नेणारं कोणी नव्हतं. मंग काय करता? बंद केली आणि चौथ्यांदा पहिल्या ओळीपासून लावली.

तर ऐकून ठेवा. त्यांनी ही मागणीही बंद केली तर मी परत टाकीन. प्रत्येक अपडेटले टाकीन, डोळ्याच्या कडा गेल्या तरी बोलून टाकीन. तुमच्याशिवाय वाचायची सवय मले होणार नाही, तो फायदा तुमाले मिळणार नाही. पण वाचीन. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस भाग वाचीन, रोज सुरुवातीपासून वाचावं लागलं तरी.

तुमची,
सुमन
मरोदा