तपकिरी पंख्याचं कार्ड

पिरोत, २ डिसेंबर

प्रिय कूम ग्रादिमिर,

तुम्ही सगळे खुशाल असाल. आम्हीही ठीक आहोत. स्तामेन्काचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण माझ्या बायकोने आधी लोणच्याची कोबी पिंपात भरून टाकली आणि मग सांगितलं की गुडघा दुखतोय. सॉसेज पोटमाळ्यावर टांगली आहेत, एक दिवसाआड त्यांच्यावर बाटली फिरवून चपटी करतो. यंदा तिखट जरा जास्त पडलंय.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्याला टपालाने पत्र, म्हणून हसशील. पण घरी आलो असतो तर रुझित्साने कॉफी ठेवली असती, वाटीत मुरांबा दिला असता, आणि तो खाऊन हे बोलणं मला जमलं नसतं. फोनवर तू मध्येच विनोद करतोस. कागद विनोद करत नाही.

कॉम्प्युटरबद्दल लिहायचं आहे.

मार्चमध्ये तू माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिलास. म्हणालास, "कूम, पोरींनी डोकं खाल्लंय. वर्गात सगळ्यांकडे गेमचा कॉम्प्युटर आहे. दुकानातला आपल्याला झेपत नाही. तू काहीतरी जुळव." मी म्हटलं, "जुळवतो, पण घाई करायची नाही." तुझ्या दोन्ही मुलींना बाप्तिस्म्याला मी हातांवर धरलंय, इस्क्राचं नाव मी ठेवलंय; त्या नात्यानेच आपण एकमेकांचे कूम. तू मागितलं नसतंस तरी केलं असतं.

काय जुळवलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर घेतला, त्यातला मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठेवला. कॅबिनेट बदललं, कारण त्यात मोठं कार्ड मावत नव्हतं. पॉवर सप्लाय मात्र नवा. तिथे काटकसर करणारे लोक नंतर माझ्याकडे जळका वास घेऊन येतात. रॅमच्या दोन पट्ट्या एकसारख्या, आणि एक खाच सोडून बसवलेल्या. लोक शेजारी शेजारी खुपसतात आणि गेम अडखळला की नशिबाला बोलतात. हवा आत शिरते तिथे स्तामेन्काचा जुना नायलॉनचा मोजा ताणून लावला, म्हणजे तुमच्या मांजराचे केस आत जाणार नाहीत.

आणि ग्राफिक्स कार्ड. गेम चालतो तो कार्डावर, बाकी सगळं हमालीचं काम. कार्ड नसलं तरी प्रोसेसर पडद्यावर चित्र आणतो, पण गेम त्याला ओढवत नाही. तेही जुनंच घेतलं, पण घरी आणून पूर्ण उघडलं. दोनातला एक पंखा अडकत होता. त्याच्या जागी माझ्याकडचा तपकिरी पात्यांचा बसवला. एका स्क्रूचं डोकं झिजलं होतं, तिथे माझ्या वडिलांच्या रेडिओतला पितळी स्क्रू घातला. चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडली, नवी लावली, मसुराच्या दाण्याएवढी. मग आठवडाभर गॅरेजात कार्डावर ताण देत राहिलो आणि बोट लावून बघत राहिलो.

मला हे कुणी शिकवलेलं नाही. मांडीवर डिक्शनरी घेऊन इंग्रजी माहितीपुस्तकांतून शिकलो. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, त्यामुळे काम बिघडलं तर बोट दाखवायला दुसरं काही नाही, मीच आहे.

एप्रिलमध्ये तो तुमच्याकडे आणून लावला. इस्क्रा कॅबिनेटला कान लावून म्हणाली, "कूम, हा चालू आहे का? आवाजच येत नाही." इतकी मोठी शाबासकी मला अजून कुणी दिलेली नाही.

आता तुमच्या स्लावाबद्दल, तुमच्या घराच्या संताच्या सणाबद्दल. रुझित्साचं जेवण उत्तम होतं, तिला सांग. मेणबत्ती लागली, पाव कापला, तू फोरमन झालास म्हणून सगळ्यांनी ग्लास उचलले. मीही उचलला, मनापासून. मग इस्क्राने माझी बाही ओढली. "कूम, आपला कॉम्प्युटर मरायला लागलाय. गाडी वळली की चित्र थांबतं."

तुझा मेहुणा बोबान व्हिएन्नाहून आलेला, त्याला तेवढंच हवं होतं. "भंगारातून केलेला भंगारासारखाच खेळणार ना, बाळ. मामाला सांगायचंस. दिवे लावलेला आणला असता." कुणीतरी मला म्हणालं, "वितोमिर, कॉम्प्युटरला थोडी ब्रँडी पाज, सर्दी झाली असेल." टेबल हसलं. मी उठून मुलींच्या खोलीकडे निघालो, म्हटलं निदान भिंतीपासून ओढून मागून बघतो. तू खांद्यावर हात ठेवलास. "आज नको, कूम. संताची मेणबत्ती जळतेय. आज घरात स्क्रूड्रायव्हर नाही."

बरोबर बोललास. सणाच्या दिवशी काम करत नाहीत. मी बसलो. आणि सगळ्यांच्या देखत इस्क्राला म्हणालो, "चूक माझी, पोरी. कार्ड जुनं होतं, मला नीट पारखता आलं नाही. तुझ्या कूमला माफ कर." ती माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "असू दे, कूम. तू तरी काय करणार."

तू माझा ग्लास भरलास.

त्यानंतर दोनदा मी कॉम्प्युटर न्यायला येतो म्हणालो. दोन्ही वेळा थोरल्या दुन्याची परीक्षा निघाली.

इथवर लिहून तळघरात पिंपाचं पाणी बघायला गेलो. वर आलो तेव्हा पुढचं लिहूच नये असं वाटत होतं. स्तामेन्का म्हणाली, "लिही. पोटात ठेवलंस तर तुझं तोंड मला इस्टरपर्यंत बघावं लागेल."

तर लिहितो. मागच्या आठवड्यात तू काम करतोस तिथल्या डायरेक्टरचा ड्रायव्हर चेदा माझ्याकडे एक कॉम्प्युटर घेऊन आला. काचेचं कॅबिनेट, आत निळे-जांभळे दिवे. "साहेबांच्या मुलाचा आहे, धूळ काढून द्या." मी काच काढली. तपकिरी पाती. पितळी स्क्रू.

मी विचारलं, "कार्ड कुठून घेतलं यांनी?"

चेदा दारात सिगारेट ओढत होता. "घेतलं कशाला? तुमच्या ग्रादिमिरने आणून दिलं उन्हाळ्यात. मुलगा खूश, साहेब खूश. आता बघा, फोरमन. हुशार निघाला तुमचा कूम."

मी म्हटलं, "हो, हुशार आहे."

मग मी ते कार्ड स्वच्छ केलं, पेस्ट बदलली आणि जिथे होतं तिथेच बसवून दिलं. कार्डाचा त्यात काय दोष.

ग्रादिमिर, डायरेक्टरला काहीतरी न्यावं लागतं हे मला समजतं. मीही याच गावात राहतो. तू गॅरेजात येऊन म्हणाला असतास, कूम, असं असं आहे, तर मी त्या मुलासाठी दुसरं कार्ड शोधलं असतं, वर फीत बांधून दिली असती. मुलींचं काढून नेलंस, तेही मी गिळलं असतं. पण तू मला नऊ वर्षांच्या पोरीची माफी मागू दिलीस, खरं काय ते तुला माहीत असताना, स्वतःच्या टेबलावर, आणि मग ब्रँडी ओतलीस.

आणि दुन्या. तिने त्या वेळी मान वर केली नाही. काट्याने सारमाचं पान उलगडत बसली होती, आतला भात एकीकडे, पान एकीकडे. तिला माहीत होतं. तेरा वर्षांच्या पोरीला गप्प बसायला तू सांगितलंस, आणि तेही माझ्याच बाबतीत.

भावाशी अबोला धरता येतो, बायकोपासून वेगळं होता येतं. कूमपणाला मात्र आपल्यात दार नाही, एकदा आत आलास की आतच. मला वाटायचं म्हणूनच आपण दोघं निर्धास्त आहोत. तू मात्र हिशेब केलास की हा जाणार कुठे.

कार्ड परत मागत नाही. डायरेक्टरला, बोबानला, कुणालाही काही सांगणार नाही. मुलींसाठी दुसरं कार्ड पाहून ठेवलंय, त्यातलं पेस्टचं काम झालंय. मी ते येऊन बसवीन. त्याआधी तू इस्क्राला तुझ्या तोंडाने सांग, तिला एकटीला: कूमचं काम चोख होतं, कार्ड मी काढलं. दुन्यालाही ऐकू दे, म्हणजे तिच्या छातीवरचं ओझं उतरेल. मग इस्क्रालाच मला बोलवायला पाठव. तिच्या तोंडाकडे बघून मला कळेल तू सांगितलंस की नाही.

तोवर मी तुमच्याकडे येणार नाही. कुणी विचारलं तर हातात काम फार आहे म्हणेन.

रुझित्साला नमस्कार. मुलींना आशीर्वाद, नेहमीचेच, त्यात काही कमी केलेलं नाही. तुझ्यासाठी काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून ती ओळ मोकळी ठेवतो.

इस्क्राचा आणि दुन्याचा कूम,
वितोमिर