विश्रांतीचा रकाना

सोमवार, ३ नोव्हेंबर. कार्तिकातला दुसरा सोमवार.

आलं: गूळ दोन किलो, ११०. शेंगतेल एक किलो, १९०. कापूर, विभूती, वाती मिळून ६५. बेल शेजारच्या परसातला, फुकट. कंपनीकडून रजिस्टर एक, किंमत काही नाही.

रजिस्टर ह्यांच्या नावाचं. सगळ्या ट्रक ड्रायव्हरांना एकेक दिलंय. पानावर तीन रकाने. चालवणे, काम, विश्रांती. तिसरा सगळ्यांत रुंद. स्टेअरिंगवर बसायच्या आधी विश्रांतीचे तास भरलेले दिसले पाहिजेत, असा वरून हुकूम. मी म्हटलं, चांगलंच झालं की. हे हसले. "म्होरं वाच."

पुढं छापलंय: गाडी रांगेत उभी असेल तो वेळ विश्रांती. घरी फोन जवळ ठेवून असेल तो वेळ विश्रांती. फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलावा, अर्ध्या तासात यार्डात हजर व्हावे.

ह्यांनी सही केली. जेवून पँट घालूनच आडवे झाले. चपला दाराकडं तोंड करून. म्हटलं, लुंगी तरी नेसा. "लुंगी सोडायची, पँट घालायची, तू भाकरी बांधायची, कागल ओलांडायचं. अर्धा तास तिथंच संपला. ऱ्हाऊ दे."

मी दहावी पास. घरात चिमूटभर हळद आली तरी लिहिते. आता हेही लिहिणार. खुणा: चा. म्हणजे चालवलं. रां. म्हणजे रांग. झो. म्हणजे खरोखर डोळा लागला तेवढंच.

बुधवार, ५ नोव्हेंबर. त्रिपुरी पौर्णिमा.

पहाटे हे कास्टिंगचा माल घेऊन पुण्याच्या पुढं गेले. मागोमाग बसूची गाडी. बसू ह्यांच्या गावचा. दोघं क्लीनर होते तेव्हापासूनची जोडी. आमच्या मागच्या गल्लीत राहतो. त्याची सुवर्णा मला अक्का म्हणते.

देवळात एकवीस पणत्या लावून आले तर फोन. "रांगेत हाय. चौदा गाड्या म्होरं." म्हटलं, घटकाभर डोळा लावा. "कसा लावू? अर्ध्या तासानं एक गाडी आत घेत्यात. सरकलो न्हाई की मागचा घुसतोय."

मागून बसू: "वहिनी, तुमचा मालक कवाच झोपलाय! मीच बोलतोय त्याच्या आवाजात!" दोघं हसले. हसायचं थांबेनात. एवढं हसण्यासारखं काही नव्हतं.

चा. ८. रां. आतापर्यंत ५. झो. शून्य.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

काल आले. रजिस्टरात विश्रांती अकरा तास. माझ्याकडं झो. सव्वादोन.

दुपारी झोपेत उजवा पाय पलंगाच्या पट्टीवर रेटत होते. मी हळूच पोटरीवर हात ठेवला. दगड. ब्रेक दाबत होते.

चहाला बसू. "वहिनी, तुमी देवाधर्माच्या. एक सांगा. म्हादेवाम्होरं नंदी बसलाय जलमभर, हाक कवा यील म्हणून कान लावून. त्याला ड्युटी म्हणायची का विश्रांती?" हे म्हणाले, "सुपरवायझरला इचार. तो नंदीचं पण रजिस्टर भरून दील." बसू हसला. हसता हसता कप हातात तसाच धरून झोपला. एक थेंब सांडला नाही. मी कप काढून घेतला तरी बोटं तशीच वळलेली.

संध्याकाळी सुपरवायझर सह्या घ्यायला दारात. मी विचारलंच, रांगेत विश्रांती कशी होते साहेब? "चाक फिरत न्हाई तो वेळ विश्रांती. साधा हिशेब हाय, वहिनी." मी म्हटलं, तव्यावर भाकरी नसली म्हणून खालचा जाळ विझतो होय? "हुशार हायसा," म्हणाले. पायरी उतरता उतरता वळले. "फोन तेवढा येळेवर उचलत जावा. मागल्या खेपेला चौथी रिंग झालती."

मोजतात.

रविवार, ९ नोव्हेंबर.

काल पहाटे पाचला परत पुण्याच्या पुढं, बसूसकट. फोन आले तसे लिहिते.

काल दु. १ रांगेत. ३.१० एक गाडी सरकले. ४.०० एक. ५.२० एक. रात्री ९ ला अजून सहा गाड्या पुढं. रां. ११. बाराला आत, तीनपर्यंत माल उतरवला.

आज पहाटे ४ पासून दुसऱ्या गेटवर भरायला रांग. दोघांनी पाळी लावली. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं दोन्ही गाड्या सरकवायच्या. ह्यांची सरकवून खाली उतरायचं, पळत जाऊन बसूची सरकवायची, परत पळत यायचं. ११.२० ला हे पळत होते, दम लागला होता. दु. २ ला बसू. "वहिनी, दोन गाड्यांचा एक डायवर झालोय, पगार पण डबल मागतो." आवाज जड, दारू प्यायल्यासारखा. तो पीत नाही.

रात्री ८ ला आत, ९ ला माल भरून "निघालो." रां. १६.

सगळं मिळून झो. दोघांची प्रत्येकी तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. रजिस्टरात विश्रांती सत्तावीस तास.

दिव्यात तेल घातलं. झोप मलाही नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर. तिसरा सोमवार.

सकाळी सहाला आले. डोळे लालभडक. फोन माझ्या हातात दिला. "वाजला की उठव." उशीला डोकं टेकायच्या आत घोरणं.

साडेआठला मी पूजेला बसले. इष्टलिंग तळहातावर घेतलं की बोलायचं नाही, उठायचं नाही. माझ्या आईचा, अव्वाचा नेम, मी मोडला नाही कधी. पूजा अर्ध्या तासाची. फोन पाटाजवळ.

८.५० ला वाजला. ८.५५ ला वाजला. तोवर एकशेआठ जप पुरा होत आला होता. पुरा झाला. मी पुन्हा एकपासून सुरू केला.

९.१० ला वाजला. मग वाजला नाही.

पूजा पावणेदोन तास. हे सलग झोपलेले. देवानंच दिली म्हटलं एवढी झोप.

साडेदहाला सुवर्णा वाटी परत द्यायला आली. "अक्का, आमच्यास्नी परत बोलावलं की. आत्ताच तर पाठ टेकलीती. पयल्याच रिंगला उचलला त्यांनी. तुमचा लागंना म्हणत हुते."

तिला चहा केला. साखर घालायची राहिली. ती तशीच प्याली.

संध्या. ६.३०. बसूच्या गाडीनं उभ्या कंटेनरला मागून धडक दिली. पेठ वडगावच्या अलीकडं, हायवेवर. चार वाजता. लख्ख ऊन. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही म्हणतात.

जिवंत आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात जाऊन आले. बसू डोळे उघडत नाही. दोन्ही पाय प्लास्टरात. सुवर्णानं विचारलं, झोपलेत का? डॉक्टर म्हणाले, दिसतं झोपेसारखं, पण झोप नव्हे ती.

ती बाकावर बसून त्याची चप्पल पदरानं पुसत होती. एकच सापडलीय. पुसत होती तरी.

हे जिन्यात म्हणाले, "त्या दिवशी माझा फोन का न्हाई लागला?" म्हटलं, मी पूजेत होते. ऐकू नाही आला.

खोटं. कपाळावर विभूती असताना.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

सुपरवायझर कागद घेऊन. ह्यांनी लिहून द्यायचं, की बसू नि हे बरोबर होते आणि बसूला खेपेआधी पुरी विश्रांती मिळाली. रांगेचे सत्तावीस, घरचे तीन. "तीस तास विश्रांती घेतलेला माणूस दिवसाउजेडी धडकतोय, म्हणजे चूक कुणाची?" आवाज चढवला नाही. मी दिलेलं पाणीही प्याले.

ह्यांनी पेन घेतलं. खाली ठेवलं. "इचार करून सांगतो." "शुक्रवारी येतो मी. तवर खेपा चालू ठिवायच्या का न्हाई ते तुमीच ठरवा. फोन जवळ असू द्या."

ते गेले नि तासाभरात सुवर्णा. सरळ माझ्याजवळ. "अक्का, तुमी लिवून ठिवता. हे म्हणायचे, वहिनी म्हंजे चित्रगुप्त हाईत, रांगेतलं मिनीट सुटत न्हाई. वकील म्हणतोय, रांगेत डोळ्याला डोळा न्हवता ह्याचा कायतरी लेखी पुरावा पायजे. न्हाईतर सगळं ह्यांच्याच अंगावर यील. भरपाई तर न्हाईच, वर गुन्हा. माणूस डोळं उघडंल तवा त्याला काय दावू, बेड्या?"

म्हटलं, शोधते. वही पदराखाली होती.

रात्री पान उलटून बघितलं. नऊ तारीख आणि दहा तारीख एकाच कागदाच्या दोन बाजू. रांगेची मिनिटं पुढं. जप मागं.

सुवर्णा सांगून गेलीय, वकील पुढच्या शनिवारी मागेल, त्याला झेरॉक्स चालत नाही. अस्सल वहीच हवी.

सोमवार, १७ नोव्हेंबर. शेवटचा सोमवार.

देवळात गेले. नंदीला हात लावताना बघितलं. डोळे उघडे आहेत त्याचे. इतकी वर्षं येते, कधी लक्षात आलं नव्हतं. लवकर निघाले.

हे आठ दिवस घरीच. रजिस्टरात रोज चोवीस तास विश्रांती. प्रत्यक्षात शेजारच्या टीव्हीत फोन वाजला तरी उठून बसतात. खरी झोप दिवसाला दोन तास नाही. जेवताना डावा हात खिशावर.

आज ह्यांना सांगितलं. जपाचं सगळं.

भाकरी मोडत होते, थांबले. "म्हंजे तू उठवलं असतंस तर मी गेलो असतो."

व्हय, म्हटलं.

"तिथं मी असतो."

त्यांनी ताट सरकवलं. उंबऱ्यावर जाऊन बसले, रस्त्याकडं तोंड करून. पाठमोरेच: "बसू उठला तर त्याला काय सांगू मी?"

वहीचं विचारलं नाही. दे म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

आलं: पाकीट एक, ५. कार्ड नको, पोस्टमन वाचतो. निपाणीला माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना पत्र टाकलं. काय लिहिलं ते ध्यानात राहावं म्हणून इथं उतरवते.

ती. अण्णांस सा. न.

इकडचं तुमच्या कानावर आलं असेल. बसू अजून तसाच आहे. तुम्ही कोर्टात कारकुनी केलीत, म्हणून तुम्हालाच विचारते. ह्यांना विचारून उपयोग नाही, ते उंबऱ्यावरच असतात.

माझ्या वहीत रांगेचा सगळा वेळ आहे, फोन आला तसा लिहिलेला. ती वही दिली तर बसू रांगेत झोपला नव्हता हे दिसेल. पण त्याच कागदाच्या मागं मी काय केलं तेही आहे. मी ह्यांना उठवलं नाही, म्हणून बसूला उठवलं. हे सुवर्णाला अजून माहीत नाही. ती मला अक्का म्हणते, माझ्या हातचं खाते.

कोर्टात कागदाची एक बाजूच वाचतात का? पान फाडलं तर वही खोटी धरतात का? वही दिल्यावर ह्यांची नोकरी जाणार हे मी धरून चालले आहे. ते कसंही निभावेन, मला काटकसर येते. पण सुवर्णा ते पान वाचेल तेव्हा मी तिच्यासमोर असावं की नसावं, हे मला कळत नाही.

अव्वा असती तर विचारलं असतं, की तो दुसरा जप देवाकडं रुजू झाला की नाही. तुम्हाला तरी ते कसं ठाऊक असणार.

शुक्रवारी सुपरवायझर येणार. शनिवारी वकील वही मागणार. तोवर तुमचं उत्तर यावं. दोन ओळी लिहा, पण उलट टपाली लिहा.

फोन मात्र करू नका. आत्ता दुपारचे हे जरा कलंडलेत. वाजला की उठून बसतात, आणि डोळे मिटलेलेच असतात तरी पायानं चपला शोधतात.