चौदाव्या तिकीचे डोळे

प्रिय ताहिआ,

बाळ कसं आहे? पाच दिवसांचं झालं तरी डोळे उघडत नाही, असं आईने फोनवर सांगितलं आणि माझं कामातलं लक्षच उडालं. तू घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण मीच घाबरलोय.

पापीतेहून तू पाठवलेले बाली बेटावरचे चौदा लाकडी तिकी मागच्या बोटीने इथे ताहुआता बेटावर पोचले. सगळ्या मूर्ती एकाच तोंडाच्या, यंत्रावर कापलेल्या. ‘दादा, डोळे तेवढे आपल्या पद्धतीने कोर, म्हणजे माझ्या दुकानात आपलेच वाटतील,’ हे तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं. पण तुझा शब्द मला मोडवत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, लबाड! शेजारची मोए आजी नीरफणस भाजत बसली होती. म्हणाली, ‘काय रे कोहू, दुसऱ्यांची पोरं न्हाऊमाखू घालून आपली म्हणून खपवतोस होय?’ मी हसलो आणि पटाशी चालवत राहिलो.

डोळे कोरताना आपण गेलेल्या माणसाचं नाव घेतो, तेही आपल्याच खोऱ्यातल्या लाकडावर. मग तो माणूस त्यातून बघतो, आणि ते नाव घरात पुन्हा कुणाला ठेवत नाहीत. तेरा तिकी मी तोंड मिटून केले. चौदाव्याला हाताची सवय नडली आणि तोंडातून नाव निघून गेलं. बाबांचं, जे आजवर कुठल्याच तिकीवर घेतलं नव्हतं.

बाकीचे तेरा नुसतं लाकूड आहेत, हा बघतो. भिंतीकडे तोंड करून ठेवला तरी जेवून येईपर्यंत समुद्राकडे वळलेला असतो. कुत्रं माझ्या कामाच्या छपरीत पाऊल टाकत नाही. काल मोए आजीने त्याला पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. ‘हा कुणी म्हातारा नाही रे,’ ती म्हणाली, ‘हे तान्हं पोर बघतंय.’

आज सकाळी आईने बाळाचं नाव सांगितलं. किती आनंदात होती गं, तुम्ही बाबांचंच नाव ठेवलंत म्हणून! ताहिआ, मी ते डोळे कोरले त्याच सकाळी तुझं बाळ जन्मलं. फोन छपरीतच आहे, त्या तिकीसमोर हे बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून उद्या पापीतेला निघालेल्या मास्तरांच्या हाती पत्र देतोय. बाळाला दुसरं कुठलंही नाव ठेव, वाचशील त्याच घटकेला. मघाशी तिकीचे डोळे तासून टाकायला पटाशी लावली होती, पण हात चालेना. ते डोळे बाळाचेच असतील तर?

तुझाच चुकलेला दादा,
कोहू