बाबांची साक्ष

मरोदा, भिलाई
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय विजयाताईस सलाम,

आम्ही इथं बरे आहोत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. फोन करणार होतो, पण फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी भडकेन, म्हणून लिहून राहिलो.

११ तारखेच्या रविवारी खुर्सीपारच्या प्रार्थनासभेत बाबा मागच्या सतरंजीवरून उठले आणि सर्वांसमोर म्हणाले, "हो जी, मी दारू पेत होतो." तिथंच माझं सगळं बदललं.

आपले बाबा, ताई! रेल्वेच्या इंजिनवर चढण्याआधी दर ड्यूटीला दारू तपासायच्या नळीत फुंकणारा माणूस. रिटायर होईपर्यंत ते यंत्र एकदाही बोंबललं नाही.

आता पहिल्यापासून सांगतो. कॉलेज प्रभूच्या सेवेसाठी सोडलं, असं मी तुला कळवलं होतं. खोटं. मृणालसाठी सोडलं. ती वस्त्यांमधून प्रभूचा प्रचार करणाऱ्या प्रेमानंदभैयांच्या टोळीत सेविका होती, म्हणून मीही गेलो. पण मग टोळीचं ते एकत्र राहायचं घर मला खरंच आवडलं गं. सहा जण, एकच कुकर, कुणी आजारी पडलं तर पाचही जण उशाशी. वस्त्यांमधून फिरून आलो की एकमेकांच्या पायांचे फोड बघायचो. मला आयुष्यात कुठं इतकं आपलं वाटलं नव्हतं. आपल्या घरीसुद्धा नाही.

तिथं साक्ष द्यायची असते. उभं राहून सांगायचं, मी आधी कसा होतो आणि प्रभूनं कसा बदलवला. मृणालचे वडील पिऊन तिच्या आईला मारायचे. ती ते सांगायची तेव्हा सगळे तिला सावरून धरायचे. माझ्याकडं सांगायला काय होतं? तिसऱ्या सेमिस्टरचे चार बॅक राहिलेले विषय?

म्हणून मी बाबांना दारुडा केलं.

नाताळच्या करंज्या तळताना आईच्या मनगटावर तेल उडालं होतं, तो डागही बाबांच्या नावावर घातला. लोक रडले. मृणाल नंतर मला म्हणाली, "सुजय, आपलं सारखंच आहे रे." मग आठ महिने, दर वस्तीत, मी तेच सांगत गेलो. आता आठवलं की तोंडात घाण चव येते.

त्या रविवारी बाबा मला न सांगता डबा घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. प्रेमानंदभैयांनी त्यांना ओळखलं आणि माइकवरूनच विचारलं, "काका, बेटा सच बोल रहा है ना?" पुढचं वर लिहिलंच आहे. हॉलभर हालेलुया!

बाहेर स्कूटरपाशी मी ओरडलो, "कावून खोटं बोलले तुमी?"

बाबा हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाले, "दुकानात तू टिकला नाही, कॉलेजात टिकला नाही. इथं आठ महिने झाले. मी कावून मोडू? आन् ते पोरगी तुह्यासाठी रडून राहिली होती."

मी भैयांना खरं सांगून टाकलं. ते माझा खांदा दाबून म्हणाले, "लोग रोए ना? वही काफी है. अगले संडे मरोदा में बाप-बेटा दोनों बोलेंगे." मरोद्यात! जिथं बाबांच्या बरोबरीचे सगळे ड्रायव्हर राहतात. आणि बाबा हो म्हणाले.

शनिवारी ते टोळीच्या घरी तयारीला आले. पांढरा शर्ट, केसांना तेल. मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "बावा, दारू कडू लागते का आंबट? कोणी इचारलं तं?"

मागून भैयांनी ऐकलं. "कड़वी, काका." सगळे मायेनंच हसले. ताई, त्या हसण्याची मला जी शिसारी आली! आणि त्याहून माझी स्वतःची. मी तिथंच ओरडून सगळं सांगितलं. डाग, करंज्या, सगळं.

मृणाल म्हणाली, "मला वाटलं होतं, या घरात मी एकटी नाही."



"चलो, सुजय के लिए प्रार्थना करें," भैया म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मृणालचे उघडे होते, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. मी खिळ्यावरची माझी पिशवी काढली, बाबांना पुढं केलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

आयुष्यात एक थेंबही न घेतलेल्या
गुलाबरावांचा मुलगा,
सुजय