घरी बसा म्हणणारा तुमचा आवाज

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. हयातीत तरी कुठे लिहिलं होतं? आपण दोघंही इथेच, हळर्णात. आणि तुम्ही गावात नसलात तरी तुमचा आवाज पलीकडच्या वाड्यावरून ऐकू यायचाच. पण आता लिहायलाच हवं. कारण गेल्या पंधरवड्यात तुम्ही आपल्या दारावरून गेलात. म्हणजे तुमचा आवाज गेला. आणि जे बोलत गेला ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं!

सकाळी मी पाव घ्यायला पायरीवर उभी होते. पोदेराचा भोंपू वाजला आणि त्याच्या मागोमाग वळणावरून लाऊडस्पीकर आला. "पेडणे महालातल्या रसिकांनो!" माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तोच खर्ज, तोच 'रसिकांनो'वरचा लांब हेल, तोच पुढचा खोकल्याएवढा थांबा. पोदेर सायकलवरून उतरला नि म्हणाला, "मावशे, हे वसंतदादा मां?"

तेवढ्यात टेम्पो समोर आला. वर रंगीत फलक, आत ड्रायव्हर एकटा, माईक कुठेच नाही. आणि तुम्ही बोलताय, "थिएटरात कशाला जाता? पायांतल्या चपला काढा, आडवे व्हा, आणि घरबसल्या हवा तो सिनेमा बघा! इंटरनेटची जोडणी आजच घ्या!"

आडवे व्हा? तुम्ही म्हणालात हे? जन्मभर थिएटरच्या जीपमध्ये उभं राहून ज्या माणसाने "उठा, पायांत चपला घाला आणि चला!" म्हणून हळर्ण, इब्रामपूर, चांदेल पालथं घातलं, त्याने?

तुमच्या त्या एका वाक्यावर माणसं खरंच उठायची. बायका चुलीवरचं उतरवून ठेवायच्या. खाणीवरचे ड्रायव्हर अंघोळ न करता, लाल मातीच्या अंगाने डिचोलीच्या थिएटरात येऊन बसायचे आणि पुढच्या खुर्चीवर धुळीचे पंजे उमटवायचे. आमच्या बायकांच्या बाजूला एकीला हुंदका आला की सगळी रांग डोळे पुसायची. घरी ज्या सासूसमोर रडायची चोरी, तीच शेजारच्या खुर्चीवर बसून पदर पुढे करायची.

तुम्ही काही साधुपुरुष नव्हता, हेही लिहून ठेवते. "आज शेवटचा दिवस!" असं तुम्ही एकेका सिनेमाला दोन दोन आठवडे सांगायचात. नायिका स्वतः डिचोलीला येणार म्हणून एकदा ठोकून दिलंत, तेव्हा लोक थिएटरच्या मालकाला शोधत फिरत होते आणि तुम्ही आपल्या माजघरात लपून भाकरी खात होता. थापाडे होता तुम्ही! पण थापा मारून तुम्ही लोकांना घराबाहेर काढलंत. आत कोंडलं नाहीत.

आणि एक गोष्ट तुम्ही कुणाला कधी सांगितली नाहीत, ती मी सांगते. तुम्ही एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता! मला तिकीट काढून आत बसवायचं आणि स्वतः ड्रायव्हर बाबलबरोबर जीप घेऊन पुढच्या खेळाची हाकाटी करायला निघायचं. जेवताना विचारायचात, "शेवटी काय झालं गो?" मी सांगायची. तिने दागिना कुणाला दिला, तो पूल ओलांडून परत का आला, सगळं. आणि दुसऱ्या दिवशी माझीच वाक्यं तुमच्या तोंडून साऱ्या महालात, गावोगाव फिरायची. लोक म्हणायचे, वसंताच्या जिभेवर सरस्वती आहे. एकदा तरी म्हणायचं होतं हो, की सरस्वती घरी मासे तळतेय!

असो. टेम्पोचं सांगत होते.

दुपारी आपला प्रमोद रिक्षा दारात लावून घरी जेवायला आला, तेव्हा मी त्याला विचारलं. तो मान वर करीना. शेवटी म्हणाला, "आई, बाबांच्या आवाजाची जुनी कॅसेट मियाच दिलंय. पेडण्याच्या जोडणीच्या दुकानवाल्यांका होयी हुती. कंप्युटराक आवाज शिकवतत, मगे तो काय पण बोलता. माका वाटलां, बाबांचो आवाज परत गावात फिरतलो. तुका बरां दिसतलां."

"आणि तो काय बोलतलो तां इचारलंस?"

"नाय."

पोराने प्रेमानेच दिली होती. मी ताट सारलं आणि उठले. पण तुमच्यापासून काय लपवू? दुसऱ्या दिवशी टेम्पोची वेळ झाली तशी मी पुन्हा पायरीवर जाऊन उभी राहिले. शब्द नको होते मला, आवाज हवा होता. माझी मलाच चीड आली आणि तरी मी तिसऱ्या दिवशीही गेले.

मग बाबल गेला. हो, तुमचा बाबल, तुमच्या जीपचा ड्रायव्हर. पहाटे चहा घेतला आणि आडवा झाला तो उठलाच नाही. त्याची बायको शेवंती एकटीच होती घरात. आम्ही सगळी जमलो. बाबलला अंगणात ठेवलं होतं, त्याचा मुलगा मुंबईहून यायचा होता. आणि वळणावरून तुम्ही आलात. "पेडणे महालातल्या रसिकांनो!"

अंगणातलं कुणीतरी हातवारे करत रस्त्याकडे धावलं, पण ड्रायव्हरच्या कानात गाणी होती. पूर्ण आवाजात, अगदी बाबलच्या उशापाशी, तुम्ही ओरडलात, "आडवे व्हा आणि बघा!"

शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी सोसलं असतं. ती म्हणाली, "वयनी, ह्यो आवाज त्येंचोच मां? ते असा कधी करूचे नाय."

नाहीच करायचात तुम्ही! हे तिला ठाऊक, मला ठाऊक, या पट्ट्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ठाऊक. कुठल्याही गावाच्या वेशीवर पहिलं दुकान लागलं की जीप थांबायची. माईक चालू करण्याआधी तुम्ही विचारायचात, "गावात सगळां बरां मां?" कुणाकडे सुतक असेल, कुणी आजारी असेल, कुठे बाळंतीण असेल, ते कळायचं. मग त्या घराच्या अलीकडे तुम्ही जीपच्या टपावर थाप मारायचात, बाबल वेग कमी करायचा, आणि ते घर मागे पडेपर्यंत तुम्ही मुके. एकदा तर त्या मुकेपणामुळे बाजारातला सगळा जमाव चुकला आणि मालकाने तुम्हाला झाडलं. तुम्ही म्हणालात, मग दुसरा कुणी बघा. मालकाने काही दुसरा बघितला नाही.

कंप्युटरला तुमचा आवाज शिकवला म्हणे! आवाज शिकवला, आणि गप्प कुठे व्हायचं ते कोण शिकवणार?

तेराव्यापर्यंतही मला धीर निघाला नाही. प्रमोदला घेऊन मी थेट पेडण्याला त्या दुकानात गेले. आत थंडगार, भिंतीवर केवढा तरी टीव्ही. टेबलामागचा पोरगा हसतमुख. मी कोण ते कळल्यावर त्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. म्हणाला, "आजी, तुमकां बरें दिसूंक जाय! आजोबा परत फामाद जाले, गांवागांवांनी तांचें नांव जालें."

तेव्हा माझा तोल सुटला. म्हटलं, "माझ्या घोवान जल्मभर लोकांका घराभायर काडल्यान. आणि तुमी तेच्याच तोंडान तेंका घरात बसयतास? मेलेल्या माणसाच्या दारात तेका बोंबलूक लायतास?" दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघू देत! एरवी मोबाईलवरून मान वर करून कोण कुणाकडे बघतो?

पोरगा वरमला. वाईट नव्हता तो. कुणाला तरी फोन केला, मग आतून कॅसेट आणून माझ्या हातात ठेवली. टेम्पोवर उद्यापासून दुसरा आवाज लावतो म्हणाला. मी निघाले तर हळूच म्हणाला, "आजी, कॅसेट घरा व्हरा. पूण आवाज आतां कंप्युटरांत आसा. तो खंय वचना."

कुठे जायचा नाही म्हणे! म्हणजे कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी दारात तुम्ही पुन्हा बोलाल, आणि काय बोलाल ते मला कळणारही नाही. प्रमोद सांगतो, सिनेमावालेही आता हेच करतात. गेलेल्या नटाला उठवून उभं करतात, नव्याला घरी पाठवतात. अहो, पण मेलेल्याला विचारलं कुणी? आणि जिवंताने खायचं काय?

आपल्या डिचोलीच्या थिएटरची कथा तुमच्या डोळ्यांदेखतच झाली. आधी व्हिडिओ आला, मग केबल, मग सिनेमा लागायच्या दिवशीच बाजारात त्याची सीडी. खाणी बंद पडल्या आणि रात्रीचा खेळ ओस पडला. शेवटी सिनेमा पाठवणारे मशीनच बदला म्हणाले, रिळं चालणार नाहीत. मालकाने टाळं लावलं. आता तिथे फरशांचं गोदाम आहे. बॅटरी दाखवून आम्हाला जागेवर नेऊन बसवणारा डोअरकीपर तिथेच वॉचमन झालाय. आत बघण्यासारखं काही नाही, तरी राखतो बिचारा.

आणि घरातलं काय सांगू? प्रमोद एका खोलीत, सूनबाई दुसऱ्या, नात मीनल जनेलापाशी, खिडकीच्या गजांना टेकून. तिघांच्या हातात तीन सिनेमे, तिघांच्या कानात बोंडं. मधूनच एखाद्या खोलीतून हसू येतं. कशाला हसतंय ते विचारायला जावं तर म्हणतात, आई, तुला कळायचं नाही, मधूनच कसं सांगू? मीनल तर गाणं आलं की बोटाने पुढे ढकलते! म्हटलं, अगो, त्या गाण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकिटं काढायचे. ती म्हणते, आजी, वेळ कुणाला आहे? घरात बसून वेळ नाही म्हणते!

पण हीच मीनल. पेडण्याहून परतल्यावर मी तुमची कॅसेट पदरात धरून बसले होते. ती शेजारी येऊन बसली, कानातली बोंडं काढली आणि विचारलं, आजी, आजोबा नेमकं काय करायचे गो? मी सांगितलं. सगळं. नायिकेची थाप सांगितली तेव्हा ती जनेल हादरेल अशी हसली, तशी प्रमोद नि सूनबाईही येऊन बसली. मग ती उठली आणि कॉलेजच्या मैत्रिणीकडून एक यंत्र घेऊन आली. पेजेच्या वाडग्याएवढं! भिंतीवर पांढरी चादर लावली आणि त्यातून सिनेमा सोडला. चांगला भिंतभर. मी चिडायचं ठरवलं होतं, पण चादरीवरचं माणूस केवढं मोठं दिसत होतं हो!

तर आता ठरलंय. बाबलचं महिन्याचं झालं की आपल्या देवळाच्या अंगणात पडदा लावायचा आणि साऱ्या गावाने एकत्र बसून सिनेमा बघायचा. शेवंतीला आधी विचारलं. ती म्हणाली, लावा, बाबल असता तर पुढच्या रांगेत बसला असता. प्रमोद म्हणाला, मोबाईलच्या ग्रुपवर टाकतो, सगळ्यांना कळेल. मी म्हटलं, अजिबात नाही.

कारण ती हाक मी देणार आहे. दचकू नका! वाक्यं पूर्वीही माझीच होती, या वेळी तोंडही माझंच. माझा आवाज फाटका आहे, खर्ज तर नाहीच. लोक हसतील. हसू देत, हसायला तरी दारात येतील.

हा माझा शब्द आहे तुम्हाला. प्रमोदच्या रिक्षात माईक घेऊन मी बसेन. "आज शेवटचा दिवस" अशी थाप मारणार नाही, पहिलाच दिवस आहे म्हणून सांगेन. सिनेमा शेवटपर्यंत बघेन आणि शेवटी काय झालं ते नेहमीसारखं तुम्हाला येऊन सांगेन. शेवंतीच्या दाराअलीकडे रिक्षाच्या टपावर थाप मारेन, आणि तिचं घर मागे पडेपर्यंत मुकी राहीन. पण त्याच्याही आधी वेशीवरच्या पहिल्या दुकानाशी रिक्षा थांबवेन, माईकला हातही न लावता खाली उतरेन आणि विचारेन, "गावात सगळां बरां मां?"

तुमचीच,
सुमती